सरणाचा हिशेब

लग्नाची तयारी सहा महिने आधी सुरू होते. घर घ्यावयाचे असेल तर माणूस वर्षभर दर विचारीत हिंडतो. साधा पंखा घ्यावयाचा तरी तीन दुकाने पाहतो. अंत्यसंस्काराची सर्व खरेदी मात्र चार-सहा तासांत उरकावयाची असते, आणि ज्याचे मन त्या घटकेला ठिकाणावर नाही अशा माणसाने ती करावयाची असते. रुग्णालयाचे बिल भरून खिसा रिकामा झालेला असतो; रात्रीची वेळ असते; गावाहून निघालेले नातेवाईक अजून वाटेत असतात. आता तर घरातील पैसा बहुधा फोनमध्ये असतो, आणि तो फोन उघडण्याचा आकडा अनेकदा गेलेल्या माणसाबरोबरच जातो. अशा अवस्थेत शववाहिकेचा चालक जी रक्कम सांगेल ती दिली जाते. मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात भाव करू नये असा आपल्याकडे संकेत आहे. तो कोणी पाडला हे सांगणे कठीण. त्याचा लाभ कोणाला होतो हे सांगणे कठीण नाही.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्याला निकोप बाजारपेठ म्हणतात, तिची एकही अट येथे पुरी होत नाही. ग्राहकाला मालाची माहिती नसते, दुसऱ्या दुकानात जाण्यास वेळ नसतो, आणि ही खरेदी आयुष्यात दोन-चार वेळाच करावी लागत असल्यामुळे अनुभवाने शहाणे होण्याची सोय नसते. शिवाय खर्च कमी करणे म्हणजे प्रेम कमी असणे, अशी भीती मनात असते. अमेरिकेत जेसिका मिटफर्ड यांनी १९६३ साली 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' हे पुस्तक लिहून तेथील अंत्यविधीच्या धंद्याचे हेच वर्म उघडे केले. पुढे १९८४ पासून तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा एक नियम अमलात आला. प्रत्येक बाबीची किंमत स्वतंत्रपणे लिहून ग्राहकाच्या हाती द्यावी, दूरध्वनीवर विचारणाऱ्यालाही ती सांगावी, आणि ज्याला केवळ दहन करावयाचे आहे त्याच्यावर शवपेटी घेण्याची सक्ती करू नये, असे त्या नियमाचे स्वरूप आहे. तेथे दुःखी माणसाला भाव विचारण्याचा हक्क कायद्याने द्यावा लागला.

आपल्याकडे तसा संघटित धंदा आजवर नव्हता. मोठ्या शहरांत आता त्याची सुरुवात झाली आहे. एका दूरध्वनीवर तिरडीपासून गुरुजींपर्यंत सर्व पुरविणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. गरज होती म्हणून त्या आल्या. ही गरज का निर्माण झाली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी प्रत्यक्ष अग्नीला किती खर्च येतो ते पाहिले पाहिजे.

उघड्या चितेला साधारणपणे ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. दर किलोला दहा रुपये धरला तर ही रक्कम तीन-चार हजारांच्या घरात जाते. यातील बरेचसे लाकूड केवळ वारा तापविण्यात खर्ची पडते. लोखंडी जाळी आणि वर धुराडे अशी रचना केली की निम्म्याहून कमी लाकडात काम भागते, हे 'मोक्षदा' या संस्थेने १९९२ पासून चालविलेल्या प्रयत्नांतून दिसून आले आहे. विद्युतदाहिनी व गॅसदाहिनी यांना लाकूड मुळीच लागत नाही. अनेक महानगरपालिका हे दहन विनामूल्य किंवा नाममात्र दराने करून देतात, आणि ती त्यांनी केलेली मेहेरबानी नव्हे. स्मशानांची व्यवस्था राखणे व नवी स्मशाने उपलब्ध करून देणे हे काम १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बंधनकारक कर्तव्यांच्या यादीत घातलेले आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानेही अंत्यविधी, दहन, दफन आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा कराच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. जीवनातील बहुतेक गोष्टींवर कर बसविणाऱ्या राज्यसंस्थेने येथे हात आखडता घेतला, याची नोंद घेतली पाहिजे.

म्हणजे अग्नी स्वस्त आहे. महाग आहे तो अग्नीच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग. अलीकडे रुग्णालयापासून घर, घरापासून स्मशान, आणि मृत्यू परगावी झाला असेल तर शेकडो मैलांचा गाडीखर्च. अमेरिकेतून मुलगा येईपर्यंत देह राखावयाचा असेल तर शीतपेटीचे भाडे. पलीकडे अस्थिविसर्जनासाठी नाशिक किंवा आळंदी, मग दहावा, बारावा, तेरावा. दोनशे माणसांचे गोडजेवण दर पानाला दोनशे रुपये धरले तरी चाळीस हजारांवर जाते. चितेच्या लाकडाच्या दहापट ही रक्कम आहे. तरीही अंत्यविधी परवडत नाही असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे लाकूड असते, पान नसते. शास्त्राची ज्यांना चाड आहे त्यांनीही एवढे ध्यानात घ्यावे की पिंडाला लागणारा भात मूठभर असतो. मांडव, पत्रिका आणि जिलबी यांचा पिंडाशी काही संबंध नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पन्नास वर्षांपूर्वी गिरगावातल्या किंवा परळच्या चाळीत, पुण्याच्या वाड्यात, लहान गावातल्या आळीत माणूस गेला म्हणजे घरच्यांना काहीही विचारावे लागत नसे. प्रत्येक चाळीत एक जाणता गृहस्थ असे. एरवी त्याला फारसे कोणी विचारीत नसे, पण अशा वेळी तो सदरा काढून, धोतर खोचून पुढे होई. बांबू किती हाताचे घ्यावयाचे, कामट्या कशा बांधावयाच्या, सुतळीची गाठ कोठे मारावयाची, गोवऱ्या किती, मडके कोणते, कोरे कापड किती वार, हे सर्व त्याला तोंडपाठ असे. एक मुलगा पाससाठी डॉक्टरांकडे आणि तेथून कचेरीत पळे, दुसरा नातेवाइकांना तारा करी. खांदेकरी चाळीतलेच. शेजारच्या घरातून पिठले-भात येई. या साऱ्या श्रमाची मजुरी कोणी मागितली नाही, त्यामुळे तिचा हिशेबही कोणी ठेवला नाही. पूर्वीचा अंत्यविधी स्वस्त होता याचे कारण लाकूड स्वस्त होते एवढेच नव्हते. त्याचा मोठा भाग शेजाऱ्यांच्या बिनमोल श्रमाने आणि सामायिक माहितीने उभा राहत असे.

त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिला जातीची कुंपणे होती. चाळीतला जाणता गृहस्थ सर्वांच्या घरी जात नसे, विधवेच्या वाट्याला मदतीबरोबर अपमानही येई, आणि तेराव्याच्या पंक्तीचा आग्रह धरणारे भाऊबंद त्याच व्यवस्थेचे घटक होते. पण सदनिकांच्या इमारतीत कुंपण गेले तसे जाणतेपणही गेले. सहाव्या मजल्यावरच्या माणसाला चौथ्या मजल्यावर कोण गेले हे दुसऱ्या दिवशी समजते. उद्वाहनात तिरडी मावत नाही, आणि ती बांधता येणारा माणूस इमारतीत नसतो. जे काम समाजाने सोडले ते बाजाराने उचलले. पैसे मोजून घ्यावी लागणारी ही नवी वस्तू वास्तविक जुनीच आहे. तिला पूर्वी किंमतपट्टी नव्हती, इतकेच.

समाजाने हे काम सोडले नाही अशी ठिकाणे आजही आहेत. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत महानगरपालिका अंत्यसंस्कारासाठी पैसे घेत नाही. तेथे चितेला लाकडाबरोबर शेणी लागतात, आणि त्या शेणी मोठ्या प्रमाणात नागरिक देतात. होळीच्या सुमारास शहरातील मंडळे आणि संस्था होळी लहान करून वाचलेल्या शेणी स्मशानभूमीला पोहोचवितात. कोणी गाडीभर देतो, कोणी शंभर. स्मशानात दानपेटी आहे. ज्याला द्यावयाचे आहे तो तीत टाकतो, ज्याला शक्य नाही त्याला कोणी विचारीत नाही. याचा परिणाम असा की श्रीमंताची आणि हमालाची चिता एकाच प्रकारच्या शेणींची रचली जाते, आणि साधेपणाला कमीपणाचा वास येत नाही. फुकट मिळते म्हणून घेण्यास संकोच वाटावा, असे वातावरण तेथे नाही, कारण घेणाऱ्याने कधीतरी होळीला दिलेलेही असते. मुस्लिम मोहल्ल्यांतही जमातीने हीच शिस्त सांभाळली आहे. गुस्ल घालणारे, कफन बेतणारे, कबर खणणारे यांची व्यवस्था ठरलेली असते. साध्या पांढऱ्या कापडापलीकडे देहावर काही घालावयाचे नसते. आणि जनाज्याला खांदा देण्यासाठी अनोळखी माणूसही रस्त्यातून चार पावले येतो.

दाहिन्यांविषयी अजून पुष्कळांच्या मनात किंतु आहे. मुखाग्नी कसा द्यावयाचा, मंत्र कधी म्हणावयाचे, असे प्रश्न विचारले जातात. प्रत्यक्षात दाहिनीपुढील ओट्यावर सर्व विधी करता येतात आणि तेथील सेवकांना ते सवयीचे आहेत. सोयीचा एक मुद्दा मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही. लाकडाची चिता निवण्यास वेळ लागतो, त्यामुळे अस्थी सावडण्यासाठी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. दाहिनीतून त्या काही तासांतच हाती येतात. परगावच्या नातेवाइकांचा मुक्काम आणि नोकरदाराच्या रजा, दोन्ही वाचतात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत शहरांतील दाहिन्या अहोरात्र चालवाव्या लागल्या, तरी बाहेर रांगा होत्या. ज्या घरांनी एरवी लाकडाचाच आग्रह धरला असता अशा कितीतरी घरांनी तेव्हा दाहिनी पत्करली. त्याच काळात काही वाहनचालकांनी चार-पाच मैलांसाठी जे दर घेतले, ते आठवले म्हणजे शववाहिका ही पाणीपुरवठ्याइतकीच सार्वजनिक सेवा का असली पाहिजे, हे निराळे सांगावे लागत नाही.

तथापि प्रत्येक गावात विद्युतदाहिनी असावी ही मागणी ऐकावयास बरी असली तरी हिशेबात बसत नाही. भट्टी तापविण्यासच बराच वेळ आणि पुष्कळ वीज लागते. दिवसाला दहा दहने होत असतील तर तो खर्च दहांवर विभागला जातो. आठवड्याला एक होत असेल तर तो सारा एकावर पडतो. त्यातून तारेचे वेटोळे जळाले की दुरुस्तीचा माणूस जिल्ह्याच्या गावाहून यावयाचा. लहान गावाला सुधारित जाळीची चिता, वर पत्र्याची भक्कम शेड, पाण्याचा नळ आणि कोरडे लाकूड ठेवण्यास खोली, एवढे पुरे आहे. ग्रामपंचायतींना जनसुविधेसाठी मिळणाऱ्या विशेष अनुदानातून हे करता येते. तरी पावसाळ्यात चितेवर ताडपत्री धरून उभे असलेले गावकरी दरवर्षी वृत्तपत्रांतील छायाचित्रांत दिसतात. ओल्या लाकडाला पेटविण्यासाठी जे तेल, टायर आणि साखर घालावी लागते, त्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. अनेक गावांत स्मशाने जातवार आहेत. वरच्या आळीच्या स्मशानाला शेड असते. दलित वस्तीच्या स्मशानाला कधी वाट नसते, आणि असली तर ती कोणाच्या तरी शेतातून जाते. तेथे साध्या अंत्यविधीचा प्रश्न पैशाचा राहत नाही. देह कोठे ठेवावयाचा, येथपासून तो सुरू होतो.

गरिबांनी अंत्यविधीवर उधळपट्टी करू नये असा उपदेश करण्याची सुखवस्तू वर्गाला फार हौस आहे. हा उपदेश जुना आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर रयतेच्या कर्जबाजारीपणाचा दोष तिच्या लग्नकार्यांवर आणि सणसमारंभांवर टाकणारे पुष्कळ होते. चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे मत नोंदविले. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ते विचार करण्याजोगे आहे. रोजंदारीवरच्या घराला जो फास बसतो, तो खर्चाच्या आकाराइतकाच त्याच्या अवचितपणामुळे बसतो. दहा हजार रुपये ही रक्कम वर्षभरात साठविता येते. ती पहाटे चार वाजता उभी करावयाची असेल तर व्याजानेच उभी राहते. गाडगे महाराज कर्ज काढून सण आणि पंक्ती करू नका म्हणून कीर्तनांतून कळवळून सांगत, तेव्हा त्यांचा रोख या व्याजावर होता.

शासनाच्या योजना या ठिकाणी तोकड्या पडतात, त्याही रकमेपेक्षा वेळेमुळे. राज्य विमा योजनेखालील कामगाराच्या अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. नोंदणीकृत बांधकाम कामगाराच्या वारसाला वयाच्या अटीवर १०,००० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील घरातला कर्ता माणूस साठीच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपयांची तरतूद आहे. या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि पात्र असलेल्यांनी त्या सोडू नयेत. पण अर्ज, दाखले, पडताळणी असे होत पैसे हाती येतात तेव्हा सावकाराचे व्याज सुरू होऊन कैक दिवस झालेले असतात. त्यापेक्षा वाहन, दहन आणि सामान या तीन गोष्टी नगरपालिकेने वस्तुरूपाने त्याच रात्री द्याव्यात. मागाहून पैसे देण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि त्यात कोणाला पैसे खाण्यासही कमी वाव राहील.

शासनाने जे करावयाचे ते करो. घरात करावयाचे एक काम उरतेच, आणि ते जिवंतपणीच करावे लागते. मृत्यूविषयी घरात बोलणे आपल्याकडे अशुभ मानतात. विम्याचा हप्ता चाळीस वर्षे बिनचूक भरणारा गृहस्थही आपली तिरडी कोणी बांधावयाची हे सांगत नाही. जोतीराव फुले यांनी १८८७ साली मृत्युपत्र केले तेव्हा आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी इच्छा लिहून ठेवली होती. १८९० च्या नोव्हेंबरात ते निवर्तले तेव्हा नगरपालिकेने राहत्या घराच्या आवारात दफनाला परवानगी दिली नाही आणि अखेर दहन करावे लागले. दत्तक पुत्र यशवंत याच्या अधिकारावरून भाऊबंदांनी तंटा काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. या प्रसंगाचे स्मरण स्त्रीच्या धैर्यासाठी केले जाते, ते योग्यच आहे. पण त्यातून व्यवहाराच्याही दोन गोष्टी कळतात. आपली इच्छा नियमांत बसते की नाही हे आधी विचारून ठेवावे लागते. आणि अग्नी कोण देणार हेही लिहून ठेवावे लागते, कारण तंटा काढणारे भाऊबंद आजही आहेत.

देहदान करावयाचे असेल तर हे आणखीच खरे. वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज नुसता भरून भागत नाही. मृत्यूनंतर नातेवाइकांनी संमती द्यावी लागते, देह वेळेत पोहोचवावा लागतो, शवविच्छेदन झाले असेल तर तो बहुधा स्वीकारला जात नाही. २०१० साली नानाजी देशमुखांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला देण्यात आला तो त्यांच्या पूर्वीच्या संकल्पानुसार. नेत्रदानाला तर सहा तासांचीच मुदत असते.

तेव्हा एक कागद करावा. त्याला मृत्युपत्राचे नाव देण्याची गरज नाही, मुद्रांकही लागत नाही. दहन लाकडावर की दाहिनीत, कोणत्या स्मशानात, अग्नी कोणी द्यावयाचा, दिवस करावयाचे की नाही, करावयाचे तर घरच्या किती माणसांत, अस्थी नदीत की शेतात झाडाच्या बुंध्याशी, हे स्वच्छ लिहावे. 'माझ्या तेराव्याला पंगत घालू नये' हे वाक्य मृताने स्वतः लिहिलेले असले म्हणजे मुलाला भाऊबंदांपुढे मान खाली घालावी लागत नाही. तो कागद दाखवितो. नगरपालिकेच्या शववाहिकेचा क्रमांक लिहावा. मृत्यू घरी झाला तर कारणाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांचे नाव लिहावे, कारण तो दाखला नसेल तर स्मशानपास मिळत नाही, आणि रात्री अनोळखी डॉक्टर सहसा सही करीत नाहीत. रुग्णालयात मृत्यू झाला तर बिलाच्या वादासाठी देह अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत नमूद आहे. तेही एका ओळीत टिपावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनामूल्य होते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. बँक, विमा, निवृत्तिवेतन, वीजमंडळ, प्रत्येकाला एक लागते. पंधरा हजार रुपये पत्नीच्या किंवा पतीच्या संयुक्त खात्यावर, 'दोघांपैकी कोणीही' अशा अटीवर, बाजूला ठेवावेत आणि त्यांतले थोडे घरात रोख असावेत.

कागद कपाटात ठेवावाच, पण त्याची एक प्रत शेजारच्या घरी द्यावी. कपाटाची किल्ली कोठे असते हे ज्या एका माणसाला ठाऊक असते, बहुतेक घरांत त्या दिवशी नेमके त्यालाच विचारता येत नाही.